वैशाखातलं पाणी

सह्याद्रीतलं पाणी बघायला कधी जावं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. वैशाखात. तेव्हा धबधबे आटलेले असतात, ओढ्यांच्या पात्रात नुसते धोंडे उरलेले असतात, गवत वाळून पिवळं झालेलं असतं आणि दुपारच्या कातळावर हात टेकवत नाही. अशा उन्हात डोंगराच्या एखाद्या कपारीत ओंजळभर पाणी तग धरून असतं. ते मला पावसाळ्यातल्या सगळ्या धबधब्यांपेक्षा जवळचं वाटतं. पावसाळ्यात पाणी आपणहून अंगावर येतं. वैशाखात त्याचा माग काढावा लागतो, आणि माग काढता काढता डोंगर कळायला लागतो.

मी घाटमाथ्यावर हिंडायला लागले ती अर्थातच पावसामुळे. बहुतेकांची सुरुवात तशीच होते. नाणेघाटात वाऱ्यानं उलटं उडणारं पाणी बघितलं, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ढग खालून वर येताना बघितले, चिंब भिजले. कोकणातून येणारा वारा सरळ कड्यावर आदळतो, वर वळण्यावाचून त्याला वाट नसते, आणि कड्यावरून पडू पाहणारी बारीक धार तो सोबत उचलून माघारी फेकतो. ते तुषार तोंडावर घेत उभं राहण्याचा आनंद मी अजूनही सोडलेला नाही. पण पाण्याशी ओळख म्हणावी अशी झाली ती पुढे, उन्हाळ्यात, पाणी हवं असताना आणि कुठे दिसत नसताना.

घाटमाथ्याच्या पावसाचे आकडे ऐकले की मैदानातल्या माणसाला खरे वाटत नाहीत. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आंबोलीला त्याहूनही जास्त. महाबळेश्वरच्या पूर्वेला खाली उतरलं की वाई लागते, तिथे तो हजाराच्याही आत येतो. एवढा पाऊस झेलणाऱ्या माथ्यावर पाण्याची ददात नसावी. प्रत्यक्षात फेब्रुवारीत ओढे गप्प होतात आणि एप्रिल लागला की कितीतरी वाड्या-पाड्यांवर पाण्यासाठी लांबवर पायपीट सुरू होते. डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मी पाण्याजवळ जाते ती ओढीनं, त्या जातात गरजेनं, हा फरक लिहिताना सतत समोर असतो. पाण्याबद्दल मला जे काही समजलं त्यातलं निम्मं अशाच घरांतल्या माणसांनी शिकवलेलं आहे.

उरलेलं निम्मं दगडानं शिकवलं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस भेगांमधून बाहेर आला, पसरला, थिजला, मग पुन्हा आला. असे थरावर थर साचत गेले आणि त्यांतून दख्खनचं पठार तयार झालं. त्या थरांच्या कडा सह्याद्रीच्या कड्यांवर अजून मोजता येतात. यातला काळा घट्ट कातळ स्वतः पाणी पीत नाही, पण त्याला भेगा असतात. पावसाचं पाणी त्या भेगांतून खाली उतरतं. खाली कधी भोकाभोकांचा ठिसूळ थर लागतो, त्यात ते साठतं. त्याच्याही खाली कधी विटकरी रंगाच्या मातीचा पट्टा येतो. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात वरचा दगड उन्हापावसानं कुजून त्याची माती झाली आणि पुढच्या प्रवाहानं ती भाजून काढली, असा तो पट्टा. ही माती चिकण असते. ती पाण्याला खाली सोडत नाही. मग पाणी आडवं सरकत डोंगराच्या अंगाला येतं आणि थर जिथे उघडा पडला असेल तिथे पाझरतं.

हे समजल्यावर माझी नजरच बदलली. आता उन्हाळ्यात समोरचा उतार बघताना मी आडव्या रेघा शोधते. सगळीकडे गवत करपलेलं असताना एकाच उंचीवर उंबर, जांभूळ, करंज अशी हिरवी झाडं ओळीनं उभी दिसली, तर तिथे खाली ओल आहे. कड्याच्या अंगावर काळपट, शेवाळ वाळल्याचा डाग दिसला, तर पावसाळ्यानंतरही बरेच दिवस तिथून पाणी गळत होतं. गुरांच्या पायवाटा चहूकडून येऊन एका घळीच्या तोंडाशी मिळत असतील, तर त्या वाटा तिथे उगाच मिळत नसतात. मधमाश्या एका दिशेला सारख्या ये-जा करत असतील, तर तिकडे निदान ओला दगड तरी सापडतोच.

हरिश्चंद्रगडाच्या परिसरात एका उन्हाळी दुपारी गुरं राखणारे एक म्हातारे बाबा भेटले. माझी बाटली तळाला गेली होती.

“बाबा, वर पाणी असेल का कुठं?”

“हाय ना. त्या उंबराच्या बुडाला बघा. पन वरचंवर घ्या. ढवळू नका. तुमच्या मागनं रानातली येत्यात प्यायला.”

एवढं बोलून ते गुरांमागे गेले. मी उंबराकडे गेले. झाडाची मुळं दगडाच्या फटीत शिरली होती आणि त्या फटीच्या तोंडाशी, तळहातांनी झाकता येईल एवढ्याच जागेत, पाणी होतं. मी पोटावर पडून बराच वेळ आत बघत राहिले. तळाशी काळी रेती होती आणि एका जागी रेतीचे कण उडत होते, थांबत होते, पुन्हा उडत होते. तिथून पाणी येत होतं. एक गळून पडलेलं उंबराचं फळ बुडालं होतं, त्याला बारीक बुडबुडे चिकटले होते. कडेच्या फटीत खेकड्याचं एक पिल्लू नांगी बाहेर काढून होतं. लांब पायांचे दोन किडे पाण्यावर उभे होते, आणि त्यांच्या पायांखाली पाण्याचा पापुद्रा किंचित दबून तळाशी गोल सावल्या पडल्या होत्या. झाकणानं पाणी काढलं. वरचंवर. पातळी बोटभर खाली गेली. मग रेती पुन्हा उडायला लागली आणि काही वेळानं पाणी पहिल्या खुणेपर्यंत आलं. मी ते प्यायले तेव्हा बाहेर ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते, आणि पाणी गार होतं.

खोलवरच्या दगडाचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही, म्हणून झऱ्याचं पाणी वैशाखात गार आणि पौषात कोमट लागतं. पाण्याच्या जागी काहीच बदललेलं नसतं, बाहेरचे आपण तापलेले किंवा गारठलेले असतो. मी त्या झऱ्याशी नंतर थंडीतही गेले आहे. पहाटे त्यावर वाफ होती आणि बोटं बुडवली तर उबेनं बरं वाटलं.

बाबांचं ते ‘वरचंवर घ्या’ माझ्या अंगात इतकं भिनलं आहे की आता गडावरच्या टाक्याशी बसले तरी हात आपोआप हलका पडतो. टाक्यांविषयी मला फार बोलायचं असतं. सह्याद्रीतल्या बहुतेक गडांवर कातळात खोदलेली टाकी आहेत. त्यांतून निघालेला दगड बांधकामाला वापरायचा आणि राहिलेल्या खड्ड्यात पाणी साठवायचं, असा तो दुहेरी विचार होता. काही टाकी नुसती पावसावर भरतात. काही ठिकाणी खोदणाऱ्यांनी नेमका पाझर गाठला आहे, आणि ती टाकी मेअखेरही भरलेली असतात. सगळ्यांत देखणी ती खांबटाकी. डोंगराच्या पोटात आत आत खोदत नेलेलं टाकं, छत तोलायला मूळ कातळातच सोडलेले खांब, आणि आत सावलीत निळंकाळं पाणी. ऊन लागत नाही म्हणून वाफ कमी होते, शेवाळ कमी धरतं.

ही कला गडांच्याही आधीची. कान्हेरीच्या लेण्यांत जवळपास प्रत्येक गुहेच्या दाराशी टाकं आहे आणि माथ्यावरचं पाणी त्यांत आणायला कातळातच पन्हळी खोदल्या आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांमध्ये लेण्याबरोबर पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दान दिल्याच्या नोंदी आहेत. कुणीतरी आपल्या कमाईतून परक्या भिक्षूंसाठी पाण्याची जागा करून दिली आणि तेवढंच दगडात लिहून ठेवलं. पावसात मी तिथे उभी राहिले आहे. त्या पन्हळी आजही पाणी वाहतात. शेकडो वर्षांपूर्वी छिन्नीनं दिलेला उतार चुकलेला नाही.

हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती पाणी भरलेलं असतं. त्यात उतरून प्रदक्षिणा घालताना पायांच्या नळ्या दुखतील इतकं गार. पाण्यात अंगाची ऊब हवेपेक्षा पंचवीसेक पटीनं झपाट्यानं जाते, त्यामुळे पहिल्या क्षणी श्वास आत ओढला जातो आणि मग काही वेळ तो आपला आपल्याला हिशेबानं घ्यावा लागतो. मला तो क्षण आवडतो. डोक्यात चाललेलं सगळं एका झटक्यात बंद होतं आणि फक्त पाय, पाणी आणि श्वास शिल्लक राहतात.

डोहांची मात्र मला भीती वाटते. नदी कड्याला वळसा घालते तिथे बाहेरच्या बाजूला पाणी तळ कोरत जातं आणि डोह तयार होतो. वरून हिरवा, मग गडद हिरवा, मग काळा. वर पान पडलं तर ते एका जागी फिरत राहतं. पोहता येत असूनही मी अशा डोहात मधोमध कधी जात नाही. कडेला बसून पाय सोडते आणि त्या काळ्या भागाकडे बघत राहते. ही भीती जावी असं मला वाटत नाही. महाडजवळ काळ नदीत वाळण कोंड आहे. तिथले महसीर मासे देवीचे मानले जातात, कुणी धरत नाही. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेतही देवळापाशी असेच मासे राखलेले आहेत. हातभर लांबीचा, मोठ्या खवल्यांचा मासा त्या गडद पाण्यातून सावकाश वर येतो, खवल्यांवर क्षणभर उजेड पडतो, आणि तो पुन्हा खाली जातो. नदीत इतरत्र महसीर कमी झाले, पण लोकांनी जिथे देवाचं म्हणून हात आवरला तिथे ते उरले. डोहाला भिऊन असणं आणि डोहाला जपणं या माणसांच्या मनात एकाच जागी नांदतं. मला ते समजतं.

वैशाखातल्या पाण्याचं मोठं दर्शन मला एका पाणवठ्यावर झालं. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यांजवळ मचाणं बांधून प्राण्यांच्या नोंदी घेतं. चांदणं भरपूर असतं आणि रानात पाणी इतक्या थोड्या जागी उरलेलं असतं की प्राण्यांना तिथे यावंच लागतं. संध्याकाळी चढून बसायचं आणि सकाळपर्यंत उतरायचं नाही. बोलायचं नाही. अशा एका मचाणावर बसले तेव्हा पहिला तासभर मला माझ्याच कपड्यांचा आवाज मोठा वाटत होता.

आधी पाखरं आली. होले, मग रानकोंबडा, उतरण्यापूर्वी चारदा मान वळवणारा. अंधार पडल्यावर बराच वेळ काही नाही. मग भेकर आलं. पाण्यापासून वीसेक पावलांवर ते थांबलं ते थांबलंच. पुढे एक पाऊल, कान फिरवणं, पुन्हा थांबणं. तहान लागलेली असताना, पाणी समोर दिसत असताना एवढा वेळ थांबण्याची ताकद कुठून येते, हे मला त्या रात्री फार लागलं. आपण नळ सोडतो. त्याला प्रत्येक घोटाआधी जगण्या-मरण्याचा निर्णय करावा लागतो. शेवटी ते प्यालं, जेमतेम मिनिटभर, आणि नाहीसं झालं. नंतर रानडुकरं आली ती थेट पाण्यातच घुसली, लोळली, सगळं पाणी चिखल करून गेली. चिखल खाली बसेपर्यंत पाणवठा रिकामा होता. उत्तररात्री सांबराची मादी आली आणि खूप वेळ पीत राहिली. तिच्या घशाचा आवाज मचाणापर्यंत येत होता. एवढ्या मोठ्या जनावराच्या अंगात पाणी जातानाचा तो आवाज ऐकताना मला रडू आलं. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. इतकंच वाटलं की ती प्यायली, बरं झालं.

आणि मग पाऊस येतो. त्यावर इतकं लिहिलं गेलं आहे की मी थेट सड्यावर जाते. कोकणात आणि घाटमाथ्यावर जांभ्याचे, कातळाचे सपाट सडे आहेत. मेमध्ये त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. नुसता काळा, खरबरीत, भाजका दगड. सरकारी कागदात त्यांची गणती अनेकदा पडीक जमिनीत होते. पहिल्या सरींनंतर त्या दगडातल्या उथळ खळग्यांत पाणी साचतं, आणि त्यात जे सुरू होतं ते गुडघे टेकून बघण्यासारखं असतं.

खळगा परातीएवढा, पाणी चार बोटं. आधी काहीच दिसत नाही. डोळे स्थिरावले की एक पारदर्शक धागा हलताना दिसतो, मग दुसरा, मग शेकडो. हे फेअरी श्रिम्प, झिंग्यांचे गोड्या पाण्यातले दूरचे नातेवाईक. एखादा सेंटिमीटर लांब, आणि पोहतात ते पाठीवर, पोट वर करून. पायांच्या जोड्या एकामागून एक अशा हलतात की अंगावरून सतत एक लाट सरकत जाते. काळे ठिपक्यांसारखे डोळे देठांवर. मादीच्या पोटाशी अंड्यांची पिशवी. त्यांच्याकडे काही आठवडेच असतात. तेवढ्यात जन्म, वाढ, जोडी, अंडी सगळं उरकायचं. मग खळगा आटतो आणि अंडी तळाच्या मातीत राहतात. ती कोरडी ठणठणीत होतात, कातळाबरोबर उन्हाळाभर भाजतात, आणि वर्षानुवर्षं तशीच टिकू शकतात. वाऱ्यानं किंवा एखाद्या पायाला चिकटून दुसऱ्या खळग्यात पोहोचतात. म्हणजे मेमध्ये ज्या दगडावरून आपण चालत गेलो त्या दगडात हे सगळं पाण्याची वाट बघत पडलेलं होतं.

साताऱ्याकडच्या पठारांवर अशाच डबक्यांतून वायतुरा उगवतो. दोन फाट्यांचा तुरा, फिकट जांभळट फुलं. उन्हाळाभर त्याचा कंद मातीत झोपून असतो. कासच्या पठारावर ओल्या कातळाच्या मातीत सीतेची आसवं ही कीटकभक्षी फुलझाडं फुलतात आणि जमिनीखाली त्यांचे इवलेसे फुगे एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळात बारीक जीव आत ओढून घेतात. आंबोलीच्या सड्यांवर २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळा म्हणून नोंदवलेला, बेडकाच्या कुळातला एक छोटा भेक आहे, तो असल्याच उथळ डबक्यांत अंडी घालतो. डबकं आठवडाभर लवकर आटलं तर ती पिढी संपली. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे, त्यामुळे तिथल्या फुलांना निदान थोडं संरक्षण तरी मिळालं. बाकीच्या सड्यांवरून रस्ते जातात, चिऱ्याच्या खाणी निघतात, आणि कुणालाच चुकल्यासारखं वाटत नाही, कारण पाहणी मेमध्ये झालेली असते. मला याचा फार राग येतो. एखादी जागा तिच्या कोरड्या महिन्यात बघून तिथे काही नाही असं लिहून टाकणं हा अन्याय आहे.

श्रावणात ओढ्याशी बसून मी आवाज ऐकते. वाहत्या पाण्याचा खळखळाट पाण्याच्या दगडावर आपटण्यातून येतो असं वाटतं, पण तो मुख्यतः हवेच्या बुडबुड्यांचा असतो. पाणी पडताना हवा आत कोंडली जाते, बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावत कंप पावतो आणि स्वर निघतो. मार्सेल मिनार्ट या खगोलशास्त्रज्ञानं १९३३ मध्ये त्याचं गणित मांडलं. बुडबुडा जेवढा मोठा तेवढा स्वर खालचा. हे वाचल्यापासून मी ओढ्यातले आवाज वेगळे काढायला शिकले. दगडावरून घसरणारा पातळ पदर जवळजवळ मुका असतो. वीतभर उडी मारणारी धार किणकिणते. खोल कुंडात पडणारं पाणी छातीत वाजतं. पहाटे त्या सगळ्यावर शीळकरी कस्तुराची शीळ येते. माणसानं वाटेनं जाताना सहज शीळ घालावी तशी, अर्धवट सुरात, मधेच सोडून दिलेली. हा पक्षी ओढ्याच्या कडेला, कपारीतच घरटं करतो, आणि पाण्याच्या एवढ्या कोलाहलातून त्याची शीळ लांबवर ऐकू येते.

आवाज ऐकण्याचा दुसरा उपयोग जीव वाचवण्याचा आहे. सह्याद्रीतले ओढे उताराचे आहेत आणि खाली घट्ट कातळ. वर कुठेतरी, आपल्याला दिसत नाही अशा ठिकाणी जोराचा पाऊस झाला की लोंढा काही मिनिटांत खाली येतो. आधी पाणी किंचित गढूळ होतं. काटक्या, पालापाचोळा वाहत यायला लागतो. किणकिण बुजते आणि खालचा, घरघरता स्वर वाढतो. यातलं एक जरी झालं तरी पात्र सोडून वर चढायचं. सामान, चपला, फोटो, सगळं तिथेच टाकून. पाण्यावर माझा जीव आहे, म्हणूनच हे मी सोबतच्या प्रत्येकाला बजावून सांगते. ऐन पावसात अरुंद घळीत उतरणाऱ्यांना पाण्याचं प्रेम असतं असं मला वाटत नाही, त्यांना पाणी माहीतच नसतं.

महाबळेश्वरच्या माथ्यावर पावसात उभं राहिलं की आणखी एक गोष्ट मला हलवून सोडते. तिथून कृष्णा निघते आणि सावित्रीही. सावित्री पश्चिमेला उडी घेते आणि शंभरेक किलोमीटर वाहून बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरात जाते. अरबी समुद्र सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटरवर असताना. माथ्यावर कुठे एक थेंब पडला आणि कुठे दुसरा, यातलं अंतर पावलाचंही नसेल. मी तिथे पायाशी वाहणाऱ्या बारीक ओघळांचा माग काढत किती वेळ घालवला आहे. हा कुणाचा? तो दगड मधे आहे म्हणून हा पूर्वेचा झाला का? वाईच्या घाटावर, सांगलीत, आणखी पुढे रायचूरच्या बाजूला कृष्णा पाहिली तेव्हा दर वेळी मला माथ्यावरचा तो दगड दिसला.

झरे आता कमी होत आहेत. रस्त्यासाठी डोंगराची कड जेसीबीनं कापली की त्या आतल्या आडव्या वाटा तुटतात आणि खालच्या वाडीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा झरा एका उन्हाळ्यात बंद पडतो. वर झाडं तोडून प्लॉट पाडले की मुरायचं पाणी सरळ पळून जातं. काही झऱ्यांवर भल्या हेतूनं सिमेंटची टाकी बांधली गेली, पण पाझराचं तोंडच बुजलं. पुण्याच्या ॲक्वाडॅमसारख्या संस्थेतले भूजलतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की झरा वाचवायचा तर तो जिथे बाहेर येतो तिथे काम करून भागत नाही, पाणी जिथे मुरतं तो वरचा भाग आधी ओळखून राखावा लागतो. हे ऐकलं की मला उंबराच्या बुडातली ती उडणारी रेती आठवते आणि तिच्या वरचा अख्खा डोंगर डोळ्यांपुढे येतो.

आंबोलीला हिरण्यकेशीचा उगम एका गुहेत आहे. देवळापुढच्या कुंडात ते पाणी येतं, स्वच्छ, तळ दिसणारं. भाविक पिढ्यान्‌पिढ्या तिथे येऊन हात जोडतात. त्याच कुंडातून २०२० मध्ये माशाची एक नवी जात जगापुढे आली, शिस्टुरा हिरण्यकेशी, बोटभर लांबीची, सोनेरी झाक असलेली. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, राज्य सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मी त्या कुंडाशी वाकून बसले होते तेव्हा तळाच्या वाळूवर काहीतरी झपकन सरकलं. ती तीच होती का, हे मी छातीठोक सांगणार नाही. पण तेव्हापासून एक वेड लागलं आहे. चौकुळ, तिलारी, दाजीपूर या पट्ट्यात कड्यांच्या पायाशी कितीतरी पाझर आहेत, ज्यांना देऊळ नाही, नाव नाही, आणि ज्यांत आजवर कुणी नीट पाहिलेलं नाही. मेच्या शेवटी मी तिकडे निघते आहे. वाटा दाखवायला तिथल्याच एक मावशी येणार आहेत. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “पाण्यात उतरायचं नाय ना तुमका?” मी म्हटलं, “नाही मावशी, नुसतं बघायचं आहे.” मग त्या म्हणाल्या, “मगे येवा.”